झायनची दरी आणि तळातून जाणारा रस्ता: तुमचे अनुभव

रानवारा: लेकीने आत्ता अमेरिकेतल्या यूटामधल्या झायन राष्ट्रीय उद्यानातून फोटो पाठवला आणि आईबाबांना नेलं होतं ते सगळं आठवलं. ग्रँड कॅनियन कठड्यावरून खाली बघायची. इथे रस्ताच दरीच्या तळाशी, व्हर्जिन नदीला बिलगून. बाबा उद्यानाच्या शटल बसच्या खिडकीतून मान वर करून एवढंच म्हणत होते, "अगं, वर संपतच नाहीये!" तुमच्याही आठवणी लिहा.

मिरगाचा पाऊस: बोगदा!! १९३० चा, मैलभराहून लांब. मध्येच खडकात कोरलेल्या खिडक्या, क्षणभर लख्ख उजेड की परत अंधार. पोरं जाम ओरडली.

उकडीचा मोदक: +१. आम्ही गेलो तेव्हा मोठी आर-व्ही (राहायची सोय असलेली गाडी) आली की बोगद्यात समोरची वाहतूक अडवून धरायचे. आम्ही तेवढ्यात दशम्या उरकल्या.

सायली_यूटा: दशम्यांवरून आठवलं, खारींना अज्जिबात खायला घालू नका. माणसाळल्यात, चावतात. एकीने आमच्या चकलीच्या पिशवीची चेन दातांनी ओढली होती.

रानवारा: 😄 भाजणीची चकली का?

सायली_यूटा: हो, सासूबाईंची. पाठवू का कृती?

मिरगाचा पाऊस: इकडेच टाका, सगळ्यांना होईल.

भटक्या: वीपिंग रॉक, त्या पाणी गळणाऱ्या कड्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? वर पडलेला पाऊस वालुकाश्मातून झिरपत खाली येतो, खालचा थर पाणी जिरू देत नाही, म्हणून कड्यातून टपटपतं. त्याला हजारेक वर्षं लागतात म्हणे. हात धरला तर बर्फगार. नॅरोजमध्ये, म्हणजे नदीच्या अरुंद घळीत, तर थेट आपली सांधण दरी आठवते. पण आकाश निरभ्र असलं तरी पुराचा इशारा बघूनच उतरा, पाऊस लांब कुठेतरी पडतो आणि लोंढा इथे येतो.

उकडीचा मोदक: हे फार महत्त्वाचं. 🙏

नवखी: मे मध्ये जातोय. आपली गाडी आत नेता येते का? आईला व्हीलचेअर लागते.

सायली_यूटा: शटल चालू असतं तेव्हा दरीच्या तळातल्या रस्त्यावर खासगी गाड्या बंद. २००० पासून असंच आहे, आणि बरंच झालं, नदीचा आवाज तरी येतो. शटल फुकट आहे, व्हीलचेअर चढते.

रानवारा: शेवटच्या थांब्यावर उतरा गं, रिव्हरसाइड वॉक. पक्की वाट आहे, पुढे थोडे चढ लागतात, ढकलायला कुणीतरी दणकट बरोबर ठेव. काकूंना नमस्कार सांग.

नवखी: सांगते ताई! चकलीच्या कृतीची मीपण वाट बघतेय.