पीसी बिघडवून काय काय शिकलात? लिहा इथे

घरचा डेस्कटॉप जुना, चौथ्या पिढीच्या आय३ प्रोसेसरचा, विंडोज ११ त्याला दारातच उभं करत नाही, आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन ठणठणीत, भंगारात काय म्हणून द्यायचं? शेवटी एका रविवारी पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) घेतलं, इन्स्टॉल न करता तसंच चालवून बघितलं, वायफाय लागलं, प्रिंटरपण चालला, मग धीर करून टाकलं. आता बाबा रोज विचारतात, माझा सी ड्राइव्ह कुठंय? असो. तुमचे किस्से येऊ द्या.

*

आमचं कळव्याला विंडोज ९८ होतं. लाइट गेली की मशीन बंद आणि परत आली की ती डिस्क तपासणारी निळी स्कॅनडिस्क, टक्के मोजत बसायचो. डिस्क भरली म्हणून मी साफसफाईला बसलो, डीएलएल नावाच्या फायली (विंडोज आणि प्रोग्रॅम ज्यांच्यावर चालतात त्या) क्लिक करून उघडतच नाहीत म्हणजे बिनकामाच्या असा शोध लावून दिसतील तेवढ्या उडवल्या आणि वर रिसायकल बिनही रिकामं केलं. दुसऱ्या दिवशी मशीन चालूच होईना. दादाने बोलणी खाऊ घातली, पण फॉरमॅट मात्र माझ्याच हाताने करायला लावलं. तेव्हापासून सोसायटीत कुणाचंही विंडोज बसलं की मलाच हाक.

*

कोपरखैरणे. नेट चालू पण एकही साइट उघडेना, सगळीकडे 'कनेक्शन सुरक्षित नाही'. रिपेअरवाल्याने नुसतं कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बोट दाखवलं, तारीख २००९! मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल, रुपयाएवढा, मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा, तो संपलेला. तारीख चुकली की साइटच्या सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याच्या दाखल्याची) मुदत जुळत नाही म्हणे. व्हिजिट चार्ज सेलपेक्षा जास्त 😑

*

मी ५८ वर्षांची, नेरूळ. डबल क्लिक काही केल्या जमेना, फाइल उघडायच्या ऐवजी तिचं नावच बदलायला लागायचं. सून म्हणाली, आई, एकदा क्लिक करा आणि एंटर दाबा. भिशीचा हिशोब मी आजही तसाच उघडते.

*

धागाकर्ते, मिंटवर अपडेट करायच्या आधी टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमने स्नॅपशॉट (सिस्टीमची आहे तशी प्रत) घेत चला, फसलं तर मागे जाता येतं. आणि बाबांच्या डेस्कटॉपवर होम फोल्डरचा (आपल्या फायली असतात तो) शॉर्टकट करून त्याला 'सी ड्राइव्ह' नाव द्या. आमच्या सासऱ्यांना अजून पत्ता नाही.