लेकीने ‘उच्च मध्यमवर्ग’वर टिक केली. आपण खरंच तिथे आहोत का?

परळचा_पोरगा :
परवा लेकीच्या कॉलेजचा कसलासा सर्व्हे होता. ‘कुटुंबाचा आर्थिक स्तर’ आणि पुढे पाच चौकोन. तिने क्षणभरही न थांबता ‘उच्च मध्यम’वर टिक केली. म्हटलं, अगं, आपण कनिष्ठ मध्यमवर्गीय. ती हसायलाच लागली. “बाबा, आपल्याकडे गाडी आहे. दोन बाथरूम आहेत!”

हिशेबाने तिचंच बरोबर. ठाण्यात टू बीएचके, हप्ते संपत आलेत, बायकोला सरकारी नोकरी. पण मी वाढलो परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत. आम्ही सात जण, शिवाय पोटमाळ्यावर गावचे दोघं. वडील कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी पाच वर्षांचा. तो मिटल्याचं कुणी जाहीर केलंच नाही, म्हणून घरातलं कुठलंही बोलणं कित्येक वर्षं ‘संप मिटला की...’ असंच सुरू व्हायचं. आईने डबे सुरू केले. डब्यात चपात्या. ‘पोळी’ हा शब्द मी दादरच्या कॉलेजात शिकलो, आणि मग बाहेर पोळी, घरात चपाती असं बरीच वर्षं चाललं.

आजही मोठ्या डॉक्टरांसमोर खुर्चीच्या कडेवर बसतो. मेनूकार्ड उजवीकडून वाचतो. सोसायटीच्या सभेत तोंड उघडत नाही, बायको बोलते. हे नुसतं गमतीचं नाही. ऑफिसात दोनदा बढतीची वेळ आली, मी ‘देतील तेव्हा देतील’ म्हणून गप्प. माझ्या नंतर लागलेला पोरगा साहेबांकडे जाऊन मागून आला.

तुम्ही स्वतःला कुठे धरता? आणि कशावरून?

शनिवारपेठ_आजी :
आमच्या वेळी एवढा खल नव्हता. १९९९मध्ये तिरंगी रेशन कार्डं आली. पिवळं, केशरी, शुभ्र. वर्षाचं उत्पन्न लाखाच्या वर की शुभ्र. झालं!

हिशेबनीस :
आजी, लाख म्हणजे महिना साडेआठ हजारसुद्धा नाहीत. तुमच्या हिशेबाने आमच्या बिल्डिंगचा वॉचमनही शुभ्र. आणि आरक्षणातला तो वर्षाला ८ लाख उत्पन्नाचा आकडा बघा. त्याच्या खाली असलात तर खुल्या गटात ‘दुर्बल’, वर गेलात तर ओबीसीत ‘क्रीमी लेयर’. मोजायची रीत वेगळी, पण साय आणि ताक एकाच रेघेवर.

कोरडवाहू :
दादा, आमचं तुमच्या उलटं. लातूरकडं नऊ एकर, सगळी कोरडवाहू, सोयाबीन. आजोबा सरपंच होते, लोक अजून ‘मालक’ म्हणतात. गावच्या शेती सोसायटीचं कर्ज थकलेलं, तरी बहिणीच्या लग्नात हजार पान उठलं. मालकाच्या घरचं लग्न ना! केंद्राच्या ईडब्ल्यूएसला, म्हणजे खुल्या गटातल्या त्या ‘दुर्बल’ आरक्षणाला, ५ एकरांची अट, तिथंही आम्ही मोठेच. गावात रोजगार हमीवर जायची सोय नाही, लोक काय म्हणतील. म्हणून पुण्यात डिलिव्हरी करतो, इथं कोण ओळखतंय. काल एका सोसायटीत वॉचमन म्हणाला, “ए, मागच्या लिफ्टनं जा.” गेलो. आता मी टिक कुठं करू? गावात एक, पुण्यात दुसरी.

हिशेबनीस :
भाऊ, यावर माझ्याकडे आकडा नाही.

परळचा_पोरगा :
कोरडवाहू, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. ‘डिलिव्हरीवाले, कामगार यांनी मागची लिफ्ट वापरावी’ अशी पाटी आमच्याकडेही आहे. दोन वर्षांपूर्वी सभेत ठराव आला, मी नेहमीसारखा गप्प. विरोधात हात वर केला नाही. वडील तेव्हा आमच्याकडेच होते. पाटी वाचून ते आपणहून मागच्या लिफ्टकडे वळले होते. मी हाताला धरून पुढे आणलं, पण पाटी तशीच राहिली.

येत्या रविवारी सभा आहे. विषयपत्रिकेत हा विषय घ्या म्हणून सेक्रेटरींना मेसेज केला. आधी लिहिलं, ‘सर, त्रास देतोय, पण...’ मग ‘त्रास देतोय’ खोडलं. ‘सर’ तसंच गेलं.