मांजरीच्या पिल्लांना पिवळ्या उलट्या आणि अचानक मृत्यू: विषबाधा समजावी की पॅनल्युकोपेनिया?

प्रश्न (दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ)

नमस्कार. आमच्या घरी कापूस आणि सोयाबीनची साठवण असते, त्यामुळे उंदरांच्या बंदोबस्तासाठी मांजर पाळण्याची पद्धत पूर्वीपासूनच आहे. यंदा मांजरीला चार पिल्ले झाली आणि ती आता जवळपास तीन महिन्यांची आहेत. परवा संध्याकाळपर्यंत खेळणारे एक पिल्लू सकाळी कुटाराच्या ढिगाजवळ मेलेले आढळले. काल दुपारपासून दुसऱ्याने खाणे सोडले आहे. ते पिवळा फेस ओकते आणि पाण्याच्या गंजावर मान खाली घालून बसून राहते, परंतु पाणी पीत नाही. अंग चांगलेच तापले आहे. मांजरीला मात्र काहीही झालेले नाही.

विष खाल्लेला उंदीर पिल्लांनी खाल्ला असावा, असे शेजारी सांगतात. ढोरांच्या दवाखान्यात मांजरांसाठी औषध उपलब्ध नसल्याचे सांगितले गेले. घरातील लहान मुलाचे तापाचे पातळ औषध थोडेसे पाजून पाहावे, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. काय करावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (पशुवैद्य, वर्धा जिल्हा)

ताई, सर्वप्रथम ते तापाचे औषध बाजूला ठेवा. त्यात बहुधा पॅरासिटामॉल असते आणि ते पचवून शरीराबाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते, त्यामुळे अगदी थोड्या मात्रेनेही पिल्लू दगावू शकते.

आपण वर्णन केलेली लक्षणे विषबाधेपेक्षा पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या विषाणूजन्य आजाराकडे अधिक झुकतात. झिंक फॉस्फाईड हे उंदीर मारण्याचे विष पोटात गेल्यास प्राणी बहुधा काही तासांतच झटके देऊ लागतो आणि त्याच्या तोंडाला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. फवारणीच्या औषधाने बाधा झाल्यास लाळ गळते, अंग थरथरते आणि बुबुळे बारीक होतात. रक्त पातळ करणाऱ्या उंदीरनाशकाचा परिणाम काही दिवसांनी, रक्तस्रावाच्या रूपाने दिसतो. याउलट ताप, मलूलपणा, पित्ताच्या उलट्या, पाण्यापाशी बसूनही पाणी न पिणे, नंतर जुलाब, आणि एकाच विणीतील पिल्ले एकामागून एक आजारी पडणे हे पॅनल्युकोपेनियाचे नेहमीचे चित्र आहे. काही पिल्ले तर लक्षणे दिसण्यापूर्वीच मरतात, म्हणूनच गावोगाव अशा मृत्यूंचा ठपका विषावर येतो. तरीही लाळ, थरथर किंवा झटके यांपैकी काही दिसले, तर विषबाधा गृहीत धरून तातडीने डॉक्टर गाठावा.

या आजाराचा विषाणू कुत्र्यांना उलट्या-जुलाब लावणाऱ्या पार्व्हो विषाणूचा जवळचा नातलग आहे. शरीरात जेथे पेशी वेगाने वाढतात तेथे, म्हणजे आतड्याच्या अस्तरात आणि अस्थिमज्जेत, तो शिरतो. आतड्याचे अस्तर झडते, पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात आणि आतड्यातील जंतू रक्तात उतरतात. निरोगी मांजरात पांढऱ्या पेशी साधारणपणे ५,५०० ते १९,५०० प्रति मायक्रोलिटर असतात. या आजारात त्या अनेकदा ३,००० च्या खाली जातात. रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही डॉक्टरांना याचा अंदाज येतो. कुत्र्यांच्या पार्व्होसाठी वापरली जाणारी विष्ठेची तपासणी पट्टी या विषाणूलाही ओळखते, त्यामुळे मांजरांची वेगळी पट्टी नाही म्हणून कोणी अडून बसू नये.

विषाणूला मारणारे खात्रीचे औषध उपलब्ध नाही, मात्र पिल्लू बहुधा मरते ते पाणी, क्षार आणि साखर कमी झाल्याने आणि रक्तात पसरलेल्या जंतूंमुळे, आणि यांवर उपचार करता येतात. शक्यतो शिरेतून, न जमल्यास त्वचेखाली कोमट रिंगर लॅक्टेट (एक प्रकारचे सलाईन), उलटी थांबवणारे इंजेक्शन, व्यापक प्रतिजैविक आणि ऊब हे चार उपचार आजच सुरू व्हायला हवेत. ही औषधे गुरांच्या दवाखान्यातही असू शकतात. मात्रा वजनानुसार ठरते, त्यामुळे पिल्लाचे वजन करून मगच औषध मागा. उपचार न मिळालेल्या लहान पिल्लांपैकी बहुतेक दगावतात आणि उपचार मिळूनही काही जातात. तथापि पहिले पाच दिवस निभावलेले पिल्लू बहुधा सावरते.

उत्तर २ (अकोट तालुका, जिल्हा अकोला)

आमच्या वस्तीत हा आजार येऊन गेला आहे, म्हणून शुश्रूषेबद्दल दोन गोष्टी सांगतो. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती तंबूसारखी उभीच राहिली, तर पाणी फार कमी झाले आहे असे समजावे. ताप उतरून कान आणि पंजे गार पडणे हे बरे होण्याचे लक्षण नसून धोक्याचे आहे. अशा वेळी गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून अंगाजवळ ठेवावी आणि थंड पडलेल्या पिल्लाच्या तोंडात काहीही ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. उलट्या थांबल्या की मात्र खाणे लांबवू नये. शिजवलेल्या कोंबडीचे मऊ, बिनमिठाचे मांस बोटाच्या टोकावर घेऊन थोडे थोडे चाटवावे. दूध टाळावे.

उत्तर ३ (ग्रामपंचायत कर्मचारी, घाटंजी तालुका)

स्वच्छतेबद्दल लिहितो, कारण हा विषाणू घरात वर्षभरही तग धरू शकतो. फिनाईल वापरू नये, ते मांजरांना विषारी असते. विहिरीत टाकतो ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ताजी असेल तर एका लिटर पाण्यात साधारण पाच-सहा ग्रॅम पुरते. आधी विष्ठा आणि घाण साबणाच्या पाण्याने पूर्णपणे काढावी, कारण घाणीवर क्लोरीन वाया जातो. मग हे पाणी दहा मिनिटे राहू द्यावे आणि जागा सुकेपर्यंत मांजरांना लांब ठेवावे. त्यात संडासाचे ॲसिड कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. फरशी, गंज आणि टोपली यांना हा उपाय लागू पडतो. शेणाने सारवलेली जमीन मात्र अशी निर्जंतुक होत नाही. त्यामुळे अशा घरात लसीकरण पूर्ण न झालेले नवे पिल्लू वर्षभर आणू नये. आजारी पिल्लाचे अंथरूण जाळून टाकावे आणि मेलेले पिल्लू उकिरड्यावर न टाकता खोल पुरावे.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. सकाळी पिल्लाला त्वचेखाली सलाईन आणि उलटीचे इंजेक्शन मिळाले. उरलेली दोन पिल्ले आज खेळत आहेत. त्यांना लस देता येईल का? घरात लहान मूल आणि कुत्राही आहे.

उत्तर १ (पशुवैद्य, वर्धा जिल्हा)

ताई, वेळेवर उपचार सुरू झाले, हे फार चांगले झाले. हा आजार माणसांना होत नाही. मांजरांचा हा विषाणू कुत्र्याला आजारी पाडत नाही, परंतु कुत्र्यांच्या पार्व्होचे आजचे प्रकार मांजरांना लागू शकतात, म्हणून कुत्र्याचेही लसीकरण करून घ्यावे.

त्या दोन पिल्लांना ताप नसेल आणि ती खात असतील, तर लस शक्य तितक्या लवकर द्यावी. विषाणू आधीच शरीरात शिरला असेल, तर लस आजार रोखेलच असे नाही, पण वाट पाहण्यात तोटाच आहे. एरवी लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनी, किमान सोळा आठवड्यांचे होईपर्यंत द्यायची असते, कारण आईच्या दुधातून आलेले संरक्षण ओसरण्याची वेळ प्रत्येक पिल्लात वेगळी असते आणि ते संरक्षण शिल्लक असेपर्यंत लस नीट लागत नाही. त्यानंतर एक मात्रा सहा महिने ते वर्षाच्या वयात द्यावी. मांजर पुन्हा गाभण असल्यास तिला ही जिवंत लस देऊ नये, कारण पोटातील पिल्लांच्या लहान मेंदूला इजा होऊन ती जन्मभर लडखडत चालतात. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहावी लागते, म्हणून ती यवतमाळहून बर्फाच्या डब्यातूनच आणावी. गावातील दोन-चार घरांनी मिळून मागवली तर येण्याजाण्याचा खर्चही वाटला जाईल.

उद्या सकाळपर्यंत उलट्या थांबल्या नाहीत किंवा रक्ताचे जुलाब सुरू झाले, तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे. जाताना पिल्लू झाकणाच्या टोपलीत ठेवा, टोपली जमिनीवर टेकवू नका आणि संशयित पॅनल्युकोपेनिया असल्याचे दारातच सांगा, म्हणजे ते त्याला इतर मांजरांपासून वेगळे ठेवतील.