सर्बियात घरच्या सणाले बोलावलं, फुलं किती न्यायचे?

कपाशीवाला_आर्णी
राम राम मंडळी. माह्या चुलतभाऊ सर्बियात बेलग्रेडजवळ बांधकामावर गेला आहे, त्याच्या फोरमनने १९ डिसेंबरले घरी ये मनून सांगतलं, त्यांच्या घरच्या संताचा दिवस असते म्हणे. भाऊ म्हणे फुलं नेतो, तं फोरमन म्हणते आकडा पाहून आणजो, आन नुसता हसून राह्यला, पुढं काई सांगतलंच नाई. आहेराच्या पाकिटात वरचा एक रुपया लागते इतकं आपल्याले समजते. पण तिथं जे ते तीनदा, भेटले की गालाले तीन मुके, क्रूसाची खूण तीन बोटांनी. आमची आजी ताटात तीन पोळ्या वाढूच देत नाई, तिसरीचा तुकडा मोडून ठेवते, तिनं हे ऐकलं तं म्हणे कुठं जाऊन पडला रे हा पोट्टा. आन त्यांच्या झेंड्यावर इंग्रजी सी सारखे चार काय हायेत तेही सांगा कोनी.

परतवाड्याचा_नाना
मी बेलग्रेडले हॉटेलच्या किचनमधे होतो काही वर्षं, मनून सांगतो. फुलं विषमच न्यायचे, तीन पाच सात. जोडीनं फुलं तिथं मयतीले आन कबरीवर नेतात, त्यामुळं डझनभर गुलाब घेऊन दारात उभा राह्यला तं घरच्या बाईचं तोंडच उतरते. सोबत वाईनची बाटली नाहीतर कॉफीचं पाकीट द्याव, तेही चालते.

१९ डिसेंबर म्हणजे संत निकोलसचा दिवस, सगळ्यात जास्त घरं याच दिवशी स्लावा, म्हणजे घरच्या संताचा सण, करतात. आपल्या कुलदैवतासारखंच आहे ते, बापाकडून पोराकडे येते. २०१४ मधे युनेस्कोच्या यादीतही गेलं. दारातून आत गेलं की पहिले एक ट्रे समोर येते, त्यात शिजवलेला गहू, साखर अक्रोड घालून कुटलेला, बाजूले स्वच्छ चमचे आन पाण्याचा ग्लास. एक चमचा खायचा, उष्टा चमचा त्या ग्लासात टाकायचा, परत गव्हात घालायचा नाई बरं. मेणबत्ती दिवसभर जळत राहते. भाकरीवर, म्हणजे गोल पावावर, शिक्का असते, चार घरात ग्रीक अक्षरं, येशू ख्रिस्त विजयी असा अर्थ. तो पाव खालून क्रूसासारखा कापतात, वर लाल वाईन टाकतात, मग सगळे हात लावून गोल फिरवतात.

अमरावतीकर_मसीही
तीनमधे अशुभ काही नाही दादा, पिता पुत्र पवित्र आत्मा. अंगठा अन् दोन बोटं जुळवतात ते त्यासाठीच, उरलेली दोन तळहाताला टेकलेली असतात, ती ख्रिस्ताचं देवपण अन् माणूसपण. आमच्याकडचे कॅथलिक डावीकडून उजव्या खांद्याकडे जातात, ऑर्थोडॉक्स, म्हणजे सर्बियातल्या पंथाचे लोकं, उजवीकडून डावीकडे. भावाला खूण करायची गरज नाही, हात जोडून उभा राहिला तरी पुरे. अन् त्यांचा नाताळ ७ जानेवारीला असतो, चर्चचं कॅलेंडर ज्युलियन आहे, १३ दिवस मागं चालतं, ६ डिसेंबरचा संत निकोलस १९ ला येतो तो त्यामुळेच.

परतवाड्याचा_नाना
हो, आन ते चार सी राह्यलेच. सर्बियन लिपीत ती अक्षरं स ची, 'सामो स्लोगा सर्बिना स्पासावा', एकीच सर्बांना तारते, असं कोणताही टॅक्सीवाला छाती ठोकून सांगते. पण मुळात ती चकमक पेटवायच्या लोखंडाची आकृती मानतात, जुन्या बायझंटाइन साम्राज्याच्या पालाइओलोगोस राजघराण्याच्या क्रूसाभोवतीच्या चिन्हांवरून आलेली. पंगतीत हा वाद भावानं काढू नये.

आन एक महत्त्वाचं, तीन बोटं वर करून फोटो काढतात ना, तो नव्वदच्या दशकापासून सर्ब लोकांचा जोशाचा इशारा झाला, तिथं ठीक आहे, पण बोस्निया क्रोएशियात कामाले गेला तं असा फोटो दाखवू नये, युद्धाची आठवण आहे ती, लोकं चिडतात.

कपाशीवाला_आर्णी
भारी सांगतलं राजेहो. पण भाऊ माळकरी हाय, मटण वाढलं तं काय करन?

परतवाड्याचा_नाना
नाई वाढत, नाताळाआधीचा उपास चालू असते, मांस दूध अंडं काहीच नाई. मासे मात्र असतात, ते नको म्हणावं आन 'प्रेब्रानात्स' मागावं, कांद्यासोबत भट्टीत भाजलेला पांढरा राजमा, पोटभर होते. राकिया, म्हणजे तिथली फळांची दारू, पुढं करतीनच, ग्लासावर हात ठेवला की समजतात.