मदत हवी आहे: स्टिफनेस मॅट्रिक्सवर चोलेस्की अडते, एलयू उत्तर देते, विश्वास कोणावर ठेवावा?

खांबतुळई (मुंबई)

नमस्कार.

मी दादरमधील एका लहान संरचना सल्लागार कार्यालयात काम करतो. लालबाग परिसरातील एका जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहणाऱ्या वीस मजली इमारतीच्या सांगाड्याचे विश्लेषण विकतच्या सॉफ्टवेअरवर झालेले आहे. त्या उत्तरांचा स्वतंत्र पडताळा घेता यावा म्हणून पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. सांगाड्यात सुमारे एक हजार सांधे आहेत. प्रत्येक सांध्याची तीन सरकणी आणि तीन वळणे धरली की सहा हजार अज्ञात राशी होतात आणि ‘के × यू = एफ’ या स्वरूपाची तेवढीच एकसामयिक समीकरणे सोडवावी लागतात. येथे ‘के’ म्हणजे स्टिफनेस मॅट्रिक्स, ‘यू’ म्हणजे सांध्यांची विस्थापने आणि ‘एफ’ म्हणजे भार. स्वभार, वापराचा भार, आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे मुंबईसाठी ४४ मीटर प्रतिसेकंद हा मूळ वेग धरून काढलेला वारा आणि आयएस १८९३ प्रमाणे दोन दिशांचा भूकंप, असे भारांचे मूळ प्रकार आहेत. त्यांची मिळून होणारी लोड कॉम्बिनेशन्स पुष्कळ आहेत.

स्लॅब आपल्या प्रतलात ताठ मानायचा असल्यामुळे प्रत्येक मजल्यावरील सांधे काल्पनिक, अतिशय ताठ दांड्यांनी एकमेकांना जोडले आहेत. या दांड्यांची ताठरता खांबांच्या ताठरतेच्या १०^६ पट ठेवली, तर कोणत्याही रीतीने सोडवले तरी उत्तर एकच येते. ती १०^१२ पट केली, की केवळ सांध्यांचे क्रमांक बदलून प्रोग्रॅम पुन्हा चालवला तरी गच्चीच्या आडव्या विस्थापनाचा चौथा सार्थ अंक हलू लागतो. चोलेस्की आणि एलयू या मॅट्रिक्सचे त्रिकोणी अवयव पाडून समीकरणे सोडवण्याच्या दोन रीती; पहिली फक्त सममित मॅट्रिक्ससाठी. त्याहूनही पुढे गेले, तर चोलेस्की ‘मॅट्रिक्स पॉझिटिव्ह डेफिनिट नाही’ (म्हणजे एखाद्या हालचालीला सांगाडा विरोधच करत नाही) असे सांगून थांबते, आणि एलयू मात्र निमूटपणे उत्तर देते.

माझे प्रश्न तीन आहेत. एकदा ‘के’चे व्यस्त मॅट्रिक्स काढून ठेवावे आणि प्रत्येक भाराला त्याने गुणावे, की अवयव पाडून ठेवणे अधिक चांगले? एकाच मॅट्रिक्सवर एक रीत थांबते आणि दुसरी चालते, तेव्हा चालणारी रीत अधिक भरवशाची समजावी काय? आणि ज्या उत्तराविषयी मला शंका आहे, ते समीकरणात परत घालून पाहिले असता ‘एफ’ आणि ‘के × यू’ यांतील फरक जवळपास शून्य येतो. मग ते उत्तर चुकीचे कसे असू शकेल?

———

दशांशचिन्ह

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: व्यस्त काढू नका. अज्ञात राशींची संख्या ‘एन’ धरली, तर व्यस्त काढायला सुमारे २ एन^३ क्रिया लागतात, एलयू अवयव पाडायला त्याच्या एक तृतीयांश, आणि मॅट्रिक्स सममित व पॉझिटिव्ह डेफिनिट असल्यास चोलेस्कीला एलयूच्याही निम्म्या. तुमच्या सहा हजारांसाठी हे आकडे अनुक्रमे सुमारे ४३,२०० कोटी, १४,४०० कोटी आणि ७,२०० कोटी असे येतात. अवयव हाती आल्यावर प्रत्येक नव्या भारासाठी खालच्या त्रिकोणातून वरून खाली आणि वरच्या त्रिकोणातून खालून वर अशी दोनदा किंमती भरत जायची असते, आणि त्याला लागतात अवघ्या ७.२ कोटी क्रिया. व्यस्ताने गुणायलाही तेवढ्याच लागतात, म्हणजे तिथे काही वाचत नाही. सायपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीत अवयव पाडण्याचे आणि ते वापरून सोडवण्याचे फंक्शन वेगवेगळे दिलेले आहे, ते याचसाठी.

दुसरे असे की, लोड कॉम्बिनेशन्स मुळात स्वतंत्रपणे सोडवूच नयेत. विश्लेषण रेषीय असेल, तर मूळ भारांची विस्थापने काढून तीच योग्य गुणकांनी मिळवावीत. पी-डेल्टा परिणाम (सरकलेल्या इमारतीवर उभ्या भारामुळे येणारे जादा वाकणे) धरला असेल, तर मात्र ही सवलत मिळत नाही.

———

उभाआडवा

दुसरा आणि तिसरा प्रश्न एकाच मुळाचे आहेत, म्हणून एकत्र लिहितो.

इमारत बाजूला ठेवून दोन स्प्रिंगा घ्या. जमिनीपासून पहिल्या सांध्यापर्यंत १ ताठरतेची स्प्रिंग आहे. हा आपला खांब. पहिल्या सांध्यापासून दुसऱ्यापर्यंत १०^१६ ताठरतेची स्प्रिंग आहे. ही तुमची काल्पनिक दांडी. स्टिफनेस मॅट्रिक्सच्या पहिल्या ओळीत कर्णावर १०^१६ + १ ही बेरीज बसते आणि तिच्या शेजारी उणे १०^१६. दुसऱ्या ओळीत उणे १०^१६ आणि १०^१६. संगणकाच्या चौसष्ट बिटांच्या संख्येत सुमारे सोळा सार्थ अंक मावतात, आणि १०^१६ च्या पुढची साठवता येणारी संख्या थेट २ ने मोठी असते. त्यामुळे ती बेरीज साठवताना १ गळून पडतो आणि चारही जागी फक्त १०^१६ उरतो. खांब मॅट्रिक्समधून नाहीसा झाला. उरली ती जमिनीला कुठेही न जोडलेली ताठ दांडी, आणि तिला आडवे ढकलले तर ती कुठवर जाईल याला उत्तरच नाही. चोलेस्की दुसऱ्या पायरीवर १०^१६ मधून १०^१६ वजा करते, शून्य मिळते, आणि ती थांबते. तिने थांबावे हेच योग्य आहे.

आता दांडी १०^१२ करा आणि खांबाची ताठरता १.२३४५६७८ धरा. १०^१२ च्या आसपास लागोपाठच्या दोन संख्यांमधील अंतर १/८१९२ असते, म्हणून बेरजेत खांबाची ताठरता १.२३४६१९ अशी नोंदली जाते. चौथ्या अंकापर्यंत ती बरोबर आहे, त्यापुढे नाही. तुमच्या गच्चीचा चौथा अंक हलतो तो यामुळेच. मजला एकसंध सरकतो तेव्हा त्याला धरून ठेवणारे बळ सर्वस्वी खांबांकडून येते, दांड्यांकडून काहीच येत नाही. आणि नेमकी खांबांचीच संख्या दांड्यांच्या संख्येखाली चिरडली गेलेली असते. सांध्यांचे क्रमांक बदलले की बेरजांचा आणि वजाबाक्यांचा क्रम बदलतो, त्याबरोबर कोणते अंक गळतात तेही बदलते.

हे नुकसान अवयव पाडण्याच्या आधी, मॅट्रिक्स भरतानाच झालेले असते. त्यामुळे ‘एलयू पिव्हटिंग करते, म्हणून ती अधिक सुरक्षित’ हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही. पिव्हटिंगचे, म्हणजे भागायला मोठी संख्या मिळावी म्हणून ओळींची अदलाबदल करण्याचे, काम आकडेमोडीत नव्या चुका फुगू न देण्याचे आहे. जे साठवलेच गेले नाही ते ती परत आणू शकत नाही. मोठ्या मॅट्रिक्समध्ये पूर्णांकनाच्या गाळामुळे पिव्हट (ज्या कर्णावरील संख्येने भागायचे ती) काटेकोर शून्य न येता कुठलीतरी क्षुल्लक संख्या येते, एलयू तिनेच भागते आणि पुढे जाते. एलयूला पिव्हट शून्याहून मोठा असण्याची अट नसते, चोलेस्कीला असते. म्हणून माझ्या मते सममित मॅट्रिक्ससाठी चोलेस्कीच वापरावी, आणि ती अडली तर तो निरोप समजावा. ही रीत शोधणारे आन्द्रे-लुई चोलेस्की फ्रेंच सैन्यातील अधिकारी होते आणि भूमापनाच्या समीकरणांसाठी त्यांनी ती बसवली होती. ते १९१८ मध्ये युद्धात मारले गेले आणि रीत छापली गेली १९२४ मध्ये. हे जाता जाता.

फरक शून्य येतो, तरी उत्तर चुकते, याविषयी. संगणकाने दिलेले ‘यू’ हे तुमच्या मॅट्रिक्सच्या अगदी जवळच्या दुसऱ्या एखाद्या मॅट्रिक्सचे जवळपास अचूक उत्तर असते. जेम्स विल्किन्सन यांनी १९६१ मध्ये या रीतीचे विश्लेषण याच दृष्टीने मांडले. म्हणून ‘एफ’ वजा ‘के × यू’ लहान येणे हा रीतीचा गुण आहे, उत्तराच्या खरेपणाचा दाखला नव्हे. उत्तरातील सापेक्ष चूक ही त्या फरकाच्या सापेक्ष मापाला मॅट्रिक्सच्या कंडिशन नंबरने (लहान चूक उत्तरात किती पट फुगू शकते हे सांगणाऱ्या आकड्याने) गुणून येणाऱ्या संख्येइतकी मोठी असू शकते. कंडिशन नंबर १०^१२ असेल, तर सोळातले बारा अंक गेले असे समजून चालावे. शिवाय तुम्ही फरक तपासता तोही खांबाचे अंक आधीच गमावलेल्या ‘के’ने, मग त्या तपासणीत खांबाची तक्रार कशी उमटणार?

उपाय मोठी संख्या वापरण्यात नाही. मजल्याच्या प्रतलातील दोन सरकणी आणि एक वळण या तीनच राशी त्या मजल्यासाठी ठेवाव्यात, आणि प्रत्येक सांध्याची प्रतलातील हालचाल भूमितीने त्या तीन राशींत लिहून मूळ समीकरणांत भरावी. तुमच्या सांगाड्यात प्रत्येक सांध्याकडे उभी सरकण आणि दोन वळणे उरतील, म्हणजे तीन हजार; त्यांत वीस मजल्यांच्या साठ राशी मिळवल्या की सहा हजारांऐवजी ३,०६० समीकरणे होतील. मॅट्रिक्स पॉझिटिव्ह डेफिनिटच राहील आणि दांड्याही जातील.

———

खांबतुळई

दोघांचेही मनापासून आभार. दोन शंका उरतात. कार्यालयातील एका वरिष्ठांनी दांड्यांऐवजी लाग्रांज गुणक (प्रत्येक अटीसाठी एक जादा अज्ञात राशी) वापरण्याचे सुचवले आहे, ते कसे? आणि दांड्या पूर्णपणे काढून, केवळ मोकळ्या सांगाड्याचा कंडिशन नंबर काढला, तरीही तो फार मोठा येतो. माझी सर्व मापे मिलिमीटरमध्ये आहेत.

———

उभाआडवा

लाग्रांज गुणकांनी अट अचूक पाळली जाते, परंतु त्यांच्या ओळींत कर्णावर शून्ये येतात. मॅट्रिक्स सममित राहते, पॉझिटिव्ह डेफिनिट राहत नाही, आणि चोलेस्की तिथे हक्काने अडते. अशा मॅट्रिक्ससाठी बंच आणि कॉफमन यांची १९७७ ची सममित रीत आहे, जी गरजेनुसार एक गुणिले एक किंवा दोन गुणिले दोनचे पिव्हट घेते. लॅपॅक या मॅट्रिक्सच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत ती उपलब्ध आहे. तिरकस आधार किंवा गुंतागुंतीच्या अटी असतील तिथे मी गुणक वापरीन. ताठ स्लॅबसाठी मात्र समीकरणे वाढवण्याऐवजी कमी करणेच मला पटते.

———

दशांशचिन्ह

मिलिमीटरविषयी माझे म्हणणे जरा निराळे आहे: त्या मोठ्या आकड्याला घाबरू नका. ईआय म्हणजे खांबाचा वाकण्याला होणारा विरोध धरला, तर खांबाची आडवी ताठरता १२ ईआय भागिले उंचीचा घन आणि वळणाची ताठरता ४ ईआय भागिले उंची, म्हणून दोहोंचे गुणोत्तर उंचीचा वर्ग भागिले तीन इतके येते. तीन मीटर उंचीच्या खांबाला मीटरमध्ये ते ३ आहे आणि मिलिमीटरमध्ये ३० लाख. इमारत तीच, फुगला तो फक्त आकडा. चोलेस्कीच्या अचूकतेवर अशा एककबदलाचा जवळपास काहीही परिणाम होत नाही. कंडिशन नंबर काढायचाच असेल, तर आधी प्रत्येक ओळ व प्रत्येक स्तंभ आपापल्या कर्णावरील संख्येच्या वर्गमुळाने भागून घ्यावा, म्हणजे सर्व कर्ण १ होतो. व्हान डर स्लाउस यांनी १९६९ मध्ये दाखवल्याप्रमाणे एवढे केल्यावर कर्णाच्या मापांत आणखी फेरफार करून फारसे काही साधत नाही. त्यानंतरही आकडा मोठाच राहिला, तर मात्र सांगाड्यातच काही बिघडले आहे असे समजावे.

दांड्यांचा दोष या भागाकाराने जाणार नाही, हेही लिहून ठेवतो; नाहीतर कोणी हाच उपाय तिथे वापरील.

आणखी एक सोय पाहा. चोलेस्कीला पिव्हटिंग लागत नसल्यामुळे सांध्यांचे क्रमांक सोयीने लावता येतात. मजल्यागणिक क्रमाने लावले, तर एका मजल्यावरील पन्नास सांधे खालच्या-वरच्या मजल्यांशीच जोडलेले असल्याने सर्व शून्येतर संख्या कर्णापासून सुमारे ३०० स्तंभांच्या पट्ट्यात राहतात, आणि पट्ट्याबाहेर अवयवांतही काही भरले जात नाही. तुमच्या सध्याच्या सहा हजारांसाठीही काम मग ७,२०० कोटींऐवजी सुमारे ५४ कोटी क्रियांत होते, आणि साठवण २८८ मेगाबाइटऐवजी साधारण १५. व्यस्त मॅट्रिक्स काढले असते, तर ते काठोकाठ भरलेले आले असते आणि ही सगळी शून्ये वाया गेली असती.

दांड्या काढल्यावरही चोलेस्की अडली, तर सायपायच्या निरोपात कितव्या क्रमांकावर ती अडली ते दिलेले असते. त्या क्रमांकाचा सांधा आणि दिशा शोधून काढा. बहुतेक वेळा तिथे मिळणाऱ्या सर्व तुळयांची टोके बिजागरीची ठेवलेली आढळतात, आणि त्या सांध्याच्या वळणाला धरून ठेवणारे कोणीच उरलेले नसते.