चार शब्दांच्या कवितेने गलबलून येते का?

फळा-खडू (धागालेखक) :
ई. ई. कमिंग्ज या अमेरिकन कवीच्या १९५८ साली निघालेल्या ‘९५ पोएम्स’ या संग्रहातली पहिलीच कविता अवघ्या चार इंग्रजी शब्दांची आहे. ‘लोनलीनेस’, म्हणजे एकटेपणा, हा शब्द पहिल्या अक्षरापाशीच फोडून त्यात कंसामध्ये ‘अ लीफ फॉल्स’, म्हणजे एक पान गळते, एवढेच घातले आहे आणि ही वीस अक्षरे नऊ ओळींत एकाखाली एक उतरतात. गेल्या वर्षी मी ती अकरावीच्या वर्गात फळ्यावर लिहिली. मोठ्याने वाचायला उठलेली मुलगी दुसऱ्याच ओळीवर अडखळली, मग ओठ न हलवता खालपर्यंत गेली आणि काही न बोलता बसली. माझे मत असे की, या कवितेतली भावना वाचनाला लागणाऱ्या वेळात आहे. पान खाली टेकेपर्यंत आपल्याला दुःखाचे नावच कळत नाही आणि कळते तेव्हा ते आपणच तुकडे जोडून तयार केलेले असते.

मात्रामोज्या :
शब्दकोडे सुटल्याचे समाधान आणि गलबलून येणे यांत आपण गल्लत करत आहात. ती मुलगी गहिवरून गप्प बसली की गोंधळून, हे कोणी ठरवले? प्रयोगच हवा असेल तर मर्ढेकर घ्या. ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ या कवितेतली प्रतिमा त्या काळच्या वाचकाला हादरवणारी होती, परंतु खालचा पादाकुलक, म्हणजे ओळीला सोळा मात्रांचे वृत्त, शाबूत असल्यामुळे ती न कळलेल्या माणसालाही पाठ होते आणि पुढे कधीतरी, भलत्याच वेळी, कळते. जी कविता म्हणताच येत नाही ती माणसाच्या सोबतीला राहणार कशी?

सांजवात :
एकटेपणा कोण कोणाला म्हणून दाखवतो? सुटलेले कोडे आपण पुन्हा हाती घेत नाही. ही कविता चौथ्यांदा वाचतानाही डोळ्यांना तेवढ्याच पायऱ्या उतराव्या लागतात. तिसऱ्या ओळीतली दोन अक्षरे चौथीत उलटी होतात, तिथे पान गिरकी घेते. पुढे ‘वन’, म्हणजे एक, एवढाच तुकडा एका ओळीत सुटा पडतो. त्याच्या खालच्या ओळीत एकच अक्षर आहे, ‘एल’, जे टंकलेखनयंत्रावर एकच्या आकड्यासारखे दिसते.

मात्रामोज्या :
हे सगळे रोमन लिपीचे खेळ झाले. मराठीत ‘एकाकी’ हा शब्द फोडून त्यात पान गाळून पाहा, ‘ए… काकी’ अशी हाक ऐकू येते! ‘एकटेपणा’तला ‘एक’ सुटा केला तर मागे ‘टेपणा’ उरतो. लिपी बदलताच जिचे हसू होते, ती भावना होती की नुसती मांडणी?

फळा-खडू :
काकीला मी मनापासून हसलो. पण अनुवादात टिकत नाही म्हणून भावना खोटी ठरवायची, तर आपला पादाकुलक तरी इंग्रजीत कुठे नेता येतो? गोंधळ की गहिवर, हा आपला प्रश्न मात्र रास्त आहे. मी त्या मुलीला विचारले नाही आणि विचारायला हवे होते असे अजूनही वाटत नाही. ‘टेपणा’ मी वहीत उतरवून घेतला आहे. ‘एक’ निघून गेल्यावर मागे राहिलेला, कोणत्याही कोशात न सापडणारा तो तुकडा मला आपल्याइतका विनोदी वाटत नाही.