डायोक्लेशियनने खरंच स्वतःहून गादी सोडली का?

रोमन सम्राट म्हटलं की कोणाचा खून, कोणी लढाईत गेला, मग या माणसाने २० वर्षं राज्य करून ३०५ मध्ये आपणहून राजीनामा दिला हे कसं काय? आजारपणामुळे का?

उत्तर १:
आजारी होताच, आदल्या वर्षी खूप खालावला होता, पण प्लॅनही होता असं मला वाटतं. २९३ मध्ये त्याने सत्ता चौघांत वाटली होती, दोन थोरले दोन धाकटे, आणि १ मे ३०५ ला त्याच्यासोबत दुसरा थोरला सम्राट मॅक्सिमियन यानेही पद सोडलं. पुढे भांडणं लागल्यावर त्याला परत बोलावलं तर म्हणाला, मी लावलेला कोबी बघाल तर असं विचारणार नाही. मला हा माणूस मनापासून आवडतो.

उत्तर २:
कोबी ठीक आहे हो, पण ३०३ पासून ख्रिश्चनांचा जो छळ केला, चर्च पाडली, ग्रंथ जाळले, ते विसरून कसं चालेल? आणि ३०१ चा भावबंदीचा हुकूम, जास्त भाव घेतला तर थेट मृत्युदंड, तरी महागाई काही थांबली नाही.

उत्तर ३:
क्रोएशियात स्प्लिटला त्याचा राजवाडा आहे, आत आजही लोक राहतात, दुकानं आहेत, अंगणात इजिप्तहून आणलेला काळा स्फिंक्स बसलाय. त्याची समाधी होती तिथे आता कॅथेड्रल आहे, आणि तेही संत डोम्नियसच्या नावाचं, ज्याला याच्याच राजवटीत मारलं. बायको-मुलीचेही पुढे फार हाल झाले, नंतरचा सम्राट लिसिनियस याने दोघींना मारून टाकलं.